बाईने दिलेली खबर, खबर नसते का?

मैत्रिणींनो, देशाची सुरक्षा हा आपल्या अंकाचा विषय नाही असे म्हणणाऱ्या आपल्यातही पुष्कळ जणी आहेत. हुंडा, पोटगी, रेशन, पाणी, दारूचे गुत्ते हे आपले विषय. हेरखाते, किनारे, सीमा आणि बॉम्बस्फोट हे ‘त्यांचे’, अशी वाटणी आपण कधी, कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून मान्य केली हे आपल्यालाच आठवत नाही. घरात पैशांचे व्यवहार पुरुषांनी बघायचे आणि त्या व्यवहारातून झालेले कर्ज बाईने फेडायचे, तसेच हे आहे. सुरक्षेचे निर्णय ते घेणार आणि असुरक्षिततेची किंमत आपण मोजणार.

एखादा स्फोट झाला की चर्चा ठरलेली असते. गुप्तचर यंत्रणा अपयशी ठरल्या, त्यांच्याकडे माणसे कमी, बोटी कमी, यंत्रे कमी, आपला देश गरीब. म्हणून आणखी निधी द्या, आणखी कडक कायदा द्या. गेली तीस वर्षे हेच चालले आहे. निधी वाढला, कायदे कडक झाले. माझे म्हणणे असे की या यंत्रणांचे दुखणे साधनांच्या कमतरतेचे नाही, ऐकण्याचे आहे. त्यांना बाईने दिलेली खबर ऐकू येत नाही, आणि बायांनी दिलेली घोषणा मात्र मैलभरावरून ऐकू येते. जोवर हे उलटत नाही, तोवर या देशातली सुरक्षा यंत्रणा परिणामकारक होणार नाही, आणि लोकशाहीला शोभणारीही होणार नाही.

गेली नऊ वर्षे मी पावस परिसरातल्या गावांत महिला गटांबरोबर काम करते. समोर समुद्र, उत्तरेला रनपारची खाडी, दक्षिणेला पूर्णगडची. पावस म्हटले की बाहेरच्यांना स्वामी स्वरूपानंदांचे समाधीमंदिर आणि हापूस आठवतो. आमच्या रोजच्या ओळखीचा पावस म्हणजे टोपली घेऊन एसटीत बसणाऱ्या मासळीवाल्या, ओहोटीला खडकावर कालवे काढणाऱ्या बाया आणि आंब्याच्या बागांत राबणारी नेपाळी कुटुंबे. हा किनारा ‘संवेदनशील’ आहे असे सरकार म्हणते. त्या शब्दाचा अर्थ इथल्या बायांना काय लागतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

घडून गेल्यावर साक्ष, घडण्याआधी कटकट

२६ नोव्हेंबर २००८. दहा जण समुद्रातून मुंबईत शिरले आणि १६६ माणसे मारली गेली. त्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे कामावर होत्या. गोळीबार सुरू असताना त्यांनी वीस गरोदर स्त्रियांना वॉर्डाच्या एका लहानशा खोलीत नेऊन वाचवले, आणि पुढे न्यायालयात कसाबला ओळखले. देविका रोटावन ही सीएसटीवर पायाला गोळी लागलेली शाळकरी मुलगी. तिने कुबड्या घेऊन न्यायालयात साक्ष दिली. कसाबचा खटला उभा राहिला त्यात या दोघींच्या शब्दालाही वजन होते, याचा आपल्याला अभिमान आहे.

आता त्याच घटनेचे आधीचे पान उलटून पाहा. या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा माणूस डेव्हिड हेडली. तो अमेरिकन नागरिक. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या एका पत्नीने मारहाणीची तक्रार केली, आणि त्याच वेळी तो लष्कर-ए-तैयबाच्या छावणीत शिकून आला आहे असेही तिथल्या तपास यंत्रणेला सांगितले. हल्ल्याला वर्षही उरले नव्हते तेव्हा त्याची दुसरी, मोरोक्कन पत्नी इस्लामाबादच्या अमेरिकन दूतावासात गेली. नवरा दहशतवाद्यांबरोबर काम करतो, असे तिने सांगितले. आपण दोघे मुंबईच्या ताज हॉटेलात राहिलो होतो त्याची छायाचित्रेही दाखवली, असे तिने नंतर पत्रकारांना सांगितले. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतून हे सगळे बाहेर आले. अधिकाऱ्यांचे उत्तर होते की माहिती पुरेशी नेमकी नव्हती.

नेमकी नव्हती, हे क्षणभर मान्य करू. तिचे ऐकले असते तर हल्ला टळलाच असता असा माझा दावा नाही. पण माहिती नेमकी करणे हे कोणाचे काम? पुढचे चार प्रश्न विचारायचे कोणी? नवऱ्याविरुद्ध बोलणारी बाई समोर आली की जगातल्या कुठल्याही ठाण्यात टेबलामागचा माणूस मनातल्या मनात एक शिक्का उचलतो: ‘नवरा-बायकोचे भांडण.’ हा शिक्का आपल्या परिचयाचा आहे. आपल्या गटातल्या किती जणींच्या अर्जावर तो बसला, ते आपण जाणतोच. बाई चिडलेली आहे, सूड घेते आहे, वाढवून सांगते आहे. ती ज्या माणसाबद्दल बोलते त्याच्याबरोबर ती राहिली आहे, त्याचे फोन, त्याचे पैसे, त्याचे रात्री-अपरात्रीचे येणेजाणे तिने पाहिले आहे, म्हणून तिची माहिती इतर कुणाहीपेक्षा जवळची आहे, हा साधा विचार कुणाला सुचत नाही.

आणि ही गरीब देशाची गोष्ट नाही, हे ध्यानात घ्या. उपग्रह, फोन ऐकण्याची यंत्रे, अब्जावधी डॉलर, सगळे काही असलेल्या देशाची ही गोष्ट आहे. ज्या दारातून खबर आत आली त्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तिला खबर मानलेच नाही. हे यंत्र विकत घेऊन सुटणारे दुखणे नाही.

साधने कमी होती की दानत?

आपल्याकडचे उदाहरण आपल्या कोकणातलेच घेऊ. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे मेली. त्यासाठीची स्फोटके आणि शस्त्रे रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरली. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या, आणि लाच ठरवून सोडून दिल्या. हे न्यायालयात सिद्ध झाले. कस्टम खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि पोलीस या खटल्यात दोषी ठरले. म्हणजे पहारा होता, गस्त होती, गाड्या अडवल्यासुद्धा गेल्या. कमी पडले ते इमान, आणि त्या इमानावर नजर ठेवणारे कोणीतरी.

त्याच वर्षी केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटेलोट्याबद्दलचा तिचा अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये तयार झाला, आणि जवळजवळ दोन वर्षे संसदेपासून दूर राहिला. तो संसदेपुढे आला ऑगस्ट १९९५ मध्ये, दिल्लीत नैना सहानी या तरुणीचा तिच्या राजकारणी पतीने खून करून प्रेत तंदुरात जाळल्यावर झालेल्या गदारोळात. एका बाईच्या देहाची राख व्हावी लागली, तेव्हा कुठे देशाच्या सुरक्षेचा एक कागद लोकांना पाहायला मिळाला.

२००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान समिती नेमली. तिच्यासमोर काय आले? २००६ पासून केंद्रीय यंत्रणांनी दिलेले तब्बल २६ इशारे. त्यातले काही थेट समुद्रमार्गे येणाऱ्या हल्ल्याचे होते. कागद आले, कागद पुढे गेले, कागद फायलीत लागले. आणि हल्लेखोर मुंबईत जिथे उतरले, त्या कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत लोकांनी त्यांना पाहिले, कुठून आलात म्हणून हटकलेही. राज्याच्या साऱ्या पहाऱ्यात त्या रात्री जागी होती ती कोळ्यांची वस्ती.

त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीनौका आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, १०९३ हा फोन क्रमांक आला. तरीही ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ नावाचे जहाज नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस असे तिन्ही पहारे ओलांडून ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, तीत रायफली आणि काडतुसे होती. घातपाताचा हेतू दिसत नाही असे सरकारने सांगितले. पण ती येईपर्यंत दिसली कशी नाही, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून येऊ लागली. पहाटे वाळूवर आधी कोण असते? कोळंबी पाखडणारी, जाळे निवडणारी, कालवे काढणारी बाई, नाहीतर रापण ओढणारा गडी. अधिकारी त्यानंतर येतात.

मग या बाया सांगत का नाहीत? मी विचारले आहे. एका खाडीकाठच्या काकींनी दोन रात्री अनोळखी होडी दिवा न लावता उभी असलेली पाहिली होती. घरात बोलून दाखवले तर उत्तर मिळाले, “कशाला नसते लचांड मागे लावून घेतेस?” मी म्हटले, फोन करायचा होता. त्या हसल्या. “बाय, फोन केला तर पहिला प्रश्न, तू रात्री तिथे काय करत होतीस? आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला जायचे सोडून मी ठाण्यात बसू?” शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचींचे उत्तर आणखी स्पष्ट होते. “हमने बोला तो हमारे ही लडके को उठाएंगे.” १९९३ नंतर या किनाऱ्यावरच्या दालदी मुसलमान कुटुंबांकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, ते ज्यांनी सोसले त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

किनारा सुरक्षेच्या गावबैठका होतात, सागर रक्षक दले बनतात. अशा एका बैठकीला मी गेले होते. मांडवात पन्नासेक पुरुष होते आणि बाया होत्या त्या चहा द्यायला. समुद्राकडे सर्वांत जास्त तास तोंड करून बसणाऱ्या माणसांना समुद्राविषयी काय दिसते ते विचारायचे कुणाच्या मनातही आले नाही. सुरक्षेचा प्रश्न पुरुषांचा, पुरुष म्हणजे होडीचा मालक, आणि मालक म्हणजे गाव, असा तो हिशेब.

घोषणा मात्र ऐकू येते

आता याच यंत्रणेचा दुसरा कान पाहा. तो अतिशय तिखट आहे.

गटाने पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा काढायचे ठरवले की आदल्या दिवशी साध्या वेषातला माणूस दारात हजर. गावात त्याला ‘गोपनीयवाले’ म्हणतात. बोलणे अगदी मऊ. “ताई, किती जणी येणार? टेम्पो कुणी केला? बाहेरचे कोण येणार आहे? पैसे कुठून आले?” हंडा घेऊन रस्त्यावर येणाऱ्या बायांची संख्या, नावे, वाहने, सगळ्याची नोंद होते. आमच्या विहिरीला पाणी नाही, याची नोंद कुठल्याही गोपनीय शाखेत झालेली मी पाहिलेली नाही.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात याहून मोठी पाने आहेत. ३ जून १९९७ रोजी गुहागर तालुक्यातल्या वेलदूर या मच्छीमार गावात पहाट व्हायच्या आत पोलीस घराघरात शिरले. गुन्हा काय, तर एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध. पुरुष पहाटेच मासेमारीला समुद्रात गेलेले. झोपेतल्या बायांना बाहेर ओढले, मारले, २६ स्त्रियांना अटक केली. त्यात एक गरोदर होती. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केले. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठीच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात नोंदलेले आहे. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला गाड्या आल्या, तेव्हा बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांच्यासाठी हजारांहून अधिक पोलीस आणले गेले, जमावबंदी लागली, बायांना उचलून गाड्यांत घातले, पुढे अश्रुधूरही सोडला. त्याआधी दोनच महिने, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच राजापुरात या प्रकल्पावर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. गावोगावच्या सभांत कोण काय बोलते ते टिपणाऱ्या यंत्रणेला एका पत्रकाराच्या जिवावर उठलेल्यांचा सुगावा लागला नव्हता.

या सगळ्याची एक बाजू अन्यायाची आहे, ती आपण अनेकदा मांडली. दुसरी बाजू आपण फारशी मांडत नाही. वेलदूरच्या ज्या बाईला पहाटे केस धरून ओढले, तिला उद्या दाभोळच्या खाडीत काही संशयास्पद दिसले तर ती कुणाला सांगेल? साखरी नाट्यातला कुठला बाप ठाण्याची पायरी चढेल? तटरक्षक दलाच्या नौका मोजता येतात. किनाऱ्यावरच्या माणसांचा विश्वास मोजायचे माप कुठल्या अंदाजपत्रकात नाही. तो एकदा लाठीने मोडला की यंत्रणा आंधळी होते, मग तिला कितीही दुर्बिणी घेऊन द्या. दडपशाहीने सुरक्षा वाढत नाही, उलट दडपशाहीच असुरक्षितता तयार करते, असे मी म्हणते ते या अर्थाने.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. संघटना बेकायदा ठरवायची आणि तिच्या सभासदाला, तिला मदत करणाऱ्याला तुरुंगात टाकायचे, अशी त्याची धाटणी. विधेयकाच्या नावातच ‘जन’ आहे. पण गोंडघर फाट्यावर गाडी सोडणाऱ्या हातांवर यातले एक कलम तरी लागू होते का? प्रधान समितीसमोर आलेल्या त्या २६ इशाऱ्यांचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार यातून कुणाला मिळतो का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे नाही. यंत्रणेचा हात लांब झाला, कान होता तिथेच राहिला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: आता स्त्रियाही मोठ्या पदांवर आहेत, मग तक्रार कसली? खरे आहे. रश्मी शुक्ला राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख होत्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. स्त्रियांनी ही पदे भूषवावीत, याला आपला पाठिंबाच आहे. पण खुर्चीवर कोण बसले आहे यापेक्षा खुर्ची कुणाला उत्तर देते, हा प्रश्न मोठा. ग्रामपंचायतीत बाई सरपंच झाली म्हणून ग्रामसभेची गरज संपते का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गुप्तवार्ता हे गुप्त राहण्याचेच काम, त्याचा जाब चव्हाट्यावर कसा मागणार? याचे उत्तर जगाने दिलेले आहे. ब्रिटनने १९९४ साली आपल्या हेरखात्यांना कायद्याच्या चौकटीत आणले आणि खासदारांची देखरेख समिती नेमली. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपताच गुप्तचर खात्यावर सर्वपक्षीय संसदीय समिती बसवली. तिथेही पुढे खात्याचा पक्षीय गैरवापर झाला. पण तो तपासायला २०१८ मध्ये समिती नेमली गेली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल लोकांपुढे ठेवला गेला. तो देश काही आपल्याहून फार श्रीमंत नाही. देश विकसनशील असणे ही सबब तिथे चालली नाही, ती इथे का चालावी?

आपल्याकडे इंटेलिजन्स ब्युरोची मुळे १८८७ सालच्या ब्रिटिश कारभारात आहेत. त्याच सुमारास ब्रिटिशांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आमच्या रत्नागिरीत आणून कोंडले. त्याच्या मुलींचे सारे बालपण आणि तारुण्य त्या पहाऱ्यात गेले. राज्यकर्त्यांना प्रजेवर नजर हवी, एवढाच त्या व्यवस्थेचा हेतू होता. स्वातंत्र्य आले, पण या खात्याला स्वतःचा असा कायदा संसदेने आजवर दिला नाही. १९६८ साली स्थापन झालेल्या ‘रॉ’लाही नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले, ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही या संस्थांना कलम २४ खाली वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन एवढे दोनच अपवाद आहेत. ते अपवाद आपण वापरले पाहिजेत.

आम्हाला खबरी व्हायचे नाही

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते, कारण गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. बायांनी पोलिसांच्या खबरी व्हावे असे मी म्हणत नाही. शेजारच्या मोहल्ल्यात कोण आले, बागेतला नेपाळी गडी कुणाशी बोलतो, कुणाची मुलगी कुणाबरोबर फिरते, असल्या चुगल्यांना कोणी सुरक्षा म्हणत असेल तर त्यात आपला वाटा नको. ती पाळत आहे, आणि पाळतीचा पहिला बळी नेहमी बाईच असते. आपले मागणे वेगळे आहे. नागरिक म्हणून सांगितलेले ऐकले जावे, लिहून घेतले जावे आणि त्याचे पुढे काय झाले ते कळावे. खबरी अंधारात सांगतो आणि पैसे घेतो. नागरिक उजेडात सांगते आणि पोच मागते.

हे अशक्य नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती, एवढाच त्याचा गाभा. पुढे राज्य सरकारने तो स्वीकारला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. ज्या बाया ठाण्याची पायरी चढत नव्हत्या त्या चढू लागल्या, कारण आत ‘नवरा-बायकोचे भांडण’ असा शिक्का न मारणारे एक माणूस बसलेले होते. हेडलीच्या पत्नीला दूतावासात असे एखादे माणूस भेटले असते, तर निदान पुढचे चार प्रश्न तरी विचारले गेले असते.

म्हणून या मागण्या आपल्या संघटनांच्या जाहीरनाम्यात याव्यात, असे मी सुचवते.

१. केंद्रीय आणि राज्य गुप्तचर संस्थांसाठी स्वतंत्र कायदा करावा आणि त्यांच्यावर संसद व विधिमंडळाची सर्वपक्षीय देखरेख समिती असावी. तिचा वार्षिक अहवाल, गुप्त भाग वगळून, प्रसिद्ध व्हावा.

२. सुरक्षेविषयी नागरिकाने दिलेल्या प्रत्येक माहितीची लेखी पोच मिळावी. माहिती देणारीची ओळख जपावी, आणि तिला वारंवार ठाण्यात बोलावून तिची मजुरी बुडवू नये.

३. किनारा सुरक्षेच्या गावबैठकांत आणि दलांत मासळी विक्रेत्या, कालवे काढणाऱ्या आणि बागेत काम करणाऱ्या स्त्रियांना निम्मे स्थान असावे. त्यात सर्व मोहल्ले आणि वाड्या याव्यात.

४. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत शस्त्रे, स्फोटके किंवा माणसांची विक्री यांचा उल्लेख आला तर त्याची वेगळी नोंद आणि चौकशी झालीच पाहिजे. ‘घरगुती’ म्हणून तो कागद बंद करता येऊ नये.

५. पाणी, जमीन, रोजगार यांसाठीच्या शांततामय आंदोलनांवरची पाळत बंद व्हावी, आणि खासगी कंपनीच्या पैशांवर पोलीस बंदोबस्त देण्याला बंदी असावी.

सरकार हे आपणहून देणार नाही. पण सुरुवात आपल्या हातात आहे. पुढच्या गावबैठकीला, बोलावणे नसले तरी, दहा जणींनी मिळून जा. चहा पुरुषांना करू द्या. आपण खुर्चीत बसून तीन प्रश्न विचारा: आमच्या किनाऱ्यावरची गस्तीनौका महिन्यातून किती दिवस समुद्रात असते? आम्ही फोन केला तर किती वेळात कोण येते? आणि गेल्या वर्षी गावाने दिलेल्या माहितीचे काय झाले? उत्तर मिळाले नाही तर तेही लिहून घ्या आणि आपल्या अंकाकडे पाठवा. यंत्रणा आपली नोंद ठेवत आली आहे. आता आपण तिची ठेवू.